बाळ आठ महिन्यांचं, तिकीट ६ जानेवारीचं: युगांडाला जाण्याआधीच्या लसी कुठे, कधी आणि किती रुपयांत?

राजारामपुरीची सून · १४ डिसेंबर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. आमचे हे साखर कारखान्यात पॅन इन्चार्ज, म्हणजे साखर शिजवायच्या विभागाचे प्रमुख आहेत. इकडे दोन कारखाने केले, २०१४ ला इथिओपियाला एक हंगाम काढला आणि आता तीन वर्षं युगांडात जिंजाजवळच्या कारखान्यात आहेत. बाळंतपणाला येऊन गेले, त्यानंतर बाळाला त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलंय. आता कारखान्याने फॅमिली क्वार्टर दिलं, म्हणून मी, बाळ आणि सासूबाई अशा तिघांनी जायचं ठरलं. ६ जानेवारीचं मुंबई ते एंटेबे तिकीट काढून झालंय.

काल ह्यांचा मेसेज आला की पिवळ्या तापाची लस आणि ती घेतल्याच्या दाखल्याचं ते पिवळं कार्ड विसरू नको. मला वाटलं होतं की लस म्हणजे जवळच्या दवाखान्यात जाऊन टोचून यायचं. आमच्या बाळाच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, ही लस आमच्याकडे नसते. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिथेच कार्ड मिळतं. शिवाय बाळाचं वय बघावं लागेल, भेटायला या. त्यांची वेळ बुधवारची मिळालीय. तोवर झोप नाही, म्हणून इथे विचारते.

बाळ १२ एप्रिलचं, परवाच आठ महिने पुरे झाले. अजून अंगावर पितंय. सासूबाई ६४ वर्षांच्या, बीपी आहे, गुडघ्यांचा आणि बोटांच्या सांध्यांचा त्रास आहे, त्यासाठी गोळ्या चालू आहेत. बाळाला ही लस चालते का? मी दूध पाजत असताना घेतली तर चालेल का? ह्यांच्या २०१४ च्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलीय, म्हणजे त्यांनाही परत घ्यावी लागेल का? आणि तिघांचा मिळून खर्च किती धरू? कंपनी ह्यांचं सगळं करते, पण घरच्यांचं आमचं आम्हीच बघायचं आहे. टायफॉइड, कावीळ वगैरे आणखी काय काय घ्यायचं असतं तेही कुणी सांगा.

पुण्यात बहीण आहे, हडपसरला. तिथे मुक्काम होऊ शकतो.

---

उद्यमनगर ७ · १४ डिसेंबर

वैनी, एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडची पोरं मशिनरी बसवायला नायजेरियाला जातात, एजंट पासपोर्टची झेरॉक्स घेऊन कार्ड आणून देतो. शिक्का, सही सगळं असतं. माणशी अडीच हजार घेतो. पुण्याला हेलपाटा नाही, लेकराला सुई नाही. माझंही तसंच केलंय, पुढच्या महिन्यात निघतोय. पाहिजे तर नंबर देतो.

---

सिस्टर मावशी · १५ डिसेंबर

ताई, आधी एक कर. वरचा नंबर घेऊ नकोस. त्यावर खाली सविस्तर लिहिते.

मी ३२ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं लसीकरणात गेली. निवृत्त झाल्यावर २०१८ ला मुलीकडे कंपालाला जाऊन आले, तेव्हा मी स्वतः ही लस घेतली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पहिली गोष्ट, ६ तारखेचं तिकीट पुढे ढकल. मला माहीत आहे तुझ्या जिवाला काय वाटेल, पण आजच सांगितलेलं बरं. ही लस जिवंत विषाणूची आहे, कमजोर केलेला पण जिवंत. नऊ महिने पुरे व्हायच्या आत ती बाळाला देत नाहीत, कारण त्या वयात मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. तुझं बाळ १२ जानेवारीला नऊ महिन्यांचं होईल. आणि तू पाजतेस. आईला लस दिल्यावर तो विषाणू दुधातून बाळापर्यंत गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, अगदी तान्ह्या बाळांच्या. म्हणून बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल आणि अंगावर पीत असेल तर आईचीही लस शक्यतो लांबवतात. म्हणजे आज तू एकटी पुण्याला जाऊन टोचून आलीस तरी तेही बरोबर होणार नाही. तुम्ही दोघं एकाच दिवशी घ्या, नऊ महिन्यांनंतर.

आता दुसरी गाठ. नऊ महिन्यांना बाळाची गोवर-रुबेलाची लस असते, एमआर. तीही जिवंत विषाणूची. दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडायचे. मधल्या दिवसांत दुसरी दिली तर ती नीट लागू पडेलच असं नाही. एक लस कोल्हापुरात आणि दुसरी पुण्यात, ते एकाच दिवशी जमवणं अवघड. माझं मत विचारशील तर गोवर आधी. गोवर इकडेही आहे, तिकडेही आहे, विमानातही गाठतो. १२ जानेवारी झाली की पहिल्या लसीकरणाच्या दिवशी एमआर दे, तिथून २८ दिवस मोज, मग पिवळ्या तापाची. आणि ती टोचल्यावर कार्ड लगेच चालू होत नाही, दहा दिवसांनी होतं. सगळं मोजलंस तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा येतो. तिकीट तेव्हाचं घे. शेवटचा शब्द तुझ्या बालरोगतज्ज्ञांचा, बुधवारी त्यांना हे सगळं विचार आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा.

अजून एक त्यांना सांगायचं. बाळाने अंडं कधी खाल्लंय का? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेल्याला ती देत नाहीत. तुमच्या घरी अंडं येत नसेल तर तेही सांग. शेवटच्या दिवशी घरी चमचाभर चारून बघायचा उद्योग मात्र करू नको, ते डॉक्टरांवर सोड.

सासूबाईंचं मला जास्त वाटतं. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा वाढतो. क्वचित होतो, पण वाढतो, म्हणून डॉक्टर माणूस बघून ठरवतात. बीपीने काही अडत नाही. पण त्या सांध्यांच्या गोळ्या कोणत्या आहेत? स्टेरॉइड असेल, किंवा आठवड्यातून एकदाच घ्यायची ती मेथोट्रेक्सेट असेल, तर प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि मग जिवंत लस द्यायचीच नाही. नाव तोंडी सांगू नको, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून फिजिशियनकडे घेऊन जा. माझ्यासमोर टेबलावर कितीदा असं झालंय. म्हातारी माणसं 'काही नाही हो, साधी वाताची गोळी' म्हणतात आणि पाकीट उलटं केलं की निघतं स्टेरॉइड. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर लस देता येत नसल्याचं पत्र मिळतं, पण ते पत्र मानायचं की नाही हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या हातात असतं. आणि पत्राने डास थांबत नाही.

तुझ्या नवऱ्याचं २०१४ चं कार्ड चालतं. ११ जुलै २०१६ पासून नियम बदलला, एक डोस आयुष्यभरासाठी धरतात, आधी दिलेल्या जुन्या कार्डांनाही तेच लागू आहे. दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ती संपली असं होत नाही. फक्त कार्ड फाटलेलं, पुसलेलं नसावं.

आता तो नंबर. माझे धाकटे दीर उद्यमनगरात गुऱ्हाळाचे चरक बनवतात. २०१९ ला ते चरक बसवायला केनियात किसुमूला गेले. तिकीट काढणाऱ्याने त्यांना सांगितलं, भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया कार्ड मागत नाही. ते खरंच होतं, जाताना कुणी विचारलं नाही. पण परत येताना आपलाच देश मागतो! पिवळा ताप असलेल्या देशांच्या आपल्या यादीत केनिया आहे. मुंबईला उतरल्यावर आरोग्य विभागाच्या काउंटरवर कार्ड मागितलं, ते नव्हतं, आणि केनिया सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत त्यांना वेगळं ठेवलं. त्या सहा दिवसांत गडहिंग्लजला त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. दिरांनी तो मोबाइलवर बघितला. मुलीचा हात माझ्या नवऱ्याने दिला.

ते सहा दिवस उगाच नाहीत. पिवळा ताप पसरवणारा डास आणि आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास एकच, एडिस. तो कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहे, टाकीत, कूलरमध्ये, छपरावर टाकलेल्या टायरीत. आपल्याकडे हा आजार आजवर आलेला नाही आणि आपल्यातल्या कुणाला त्याची प्रतिकारशक्तीही नाही. एक आजारी माणूस आला, त्याला एक डास चावला, की सुरुवात झाली. युगांडात हा आजार आहे, कावीळ होऊन रक्तस्राव होतो आणि त्यावर औषध नाही. एजंटाचं कार्ड त्या काउंटरवर चालेलही. पण उद्यमनगर ७, तुम्ही नायजेरियाला जाणार आहात. तिथला डास शिक्का बघत नाही. तुमच्या घरी कोण आहे मला माहीत नाही, पण मी तुमच्या आईच्या वयाची आहे म्हणून सांगते, खरी सुई घ्या.

लस कशी असते तेही सांगते, म्हणजे पुण्याचे नियम समजतील. बाटलीत तळाला सुकी वडी असते. तिच्यात सोबतचं द्रावण सोडायचं, हलक्या हाताने फिरवायचं, की ती विरघळते. एका बाटलीत पाच-दहा जणांची लस असते आणि एकदा कालवली की सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून केंद्रांवर ठरावीक वार असतात, आधी नोंदणी लागते, माणसं जमल्यावरच बाटली फोडतात. आयत्या वेळी जाऊन 'आम्ही कोल्हापूरहून आलोय हो' म्हणून उपयोग होत नाही. त्यांचाही इलाज नसतो. दंडावर कातडीखाली अर्धा मिली टोचतात आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

मी पुण्याला ससूनशेजारच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात घेतली. तेव्हा ३०० रुपये घेतले. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य विभागाकडे मिळते, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयाकडे. आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी असते. वार आणि फी फोनवर खात्री करूनच निघ. मूळ पासपोर्ट न्यायचाच, बाळाचासुद्धा, आणि झेरॉक्स.

आणि कार्ड हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आधी वाच. नाव पासपोर्टप्रमाणे हवं. आपल्यात बायकांचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर आणि सासरचं तोंडात, असं होतं. माझ्या कार्डावर त्या मुलीने मी सांगितलेलं नाव लिहिलं होतं, पासपोर्टवर नवऱ्याचं मधलं नाव नव्हतंच. तिथेच दुरुस्त करून, वर सही-शिक्का घेतला. बॅच नंबर, तारीख, केंद्राचा शिक्का, डॉक्टरांची सही, चारही बघ.

---

राजारामपुरीची सून · १५ डिसेंबर

मावशी, तुमचं वाचून आधी रडू आलं, मग मोबाइलवर कॅलेंडर उघडून दिवस मोजले. ह्यांना फोन केला. ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ढकल तिकीट.

आमचं माळकरी घर आहे, अंडं येत नाही. बुधवारी सांगते डॉक्टरांना. सासूबाईंच्या गोळ्यांचं पाकीट आत्ता बघितलं. एका पाकिटावर पेनाने 'रविवार' लिहिलंय. मेडिकलवाल्याने लिहून दिलं होतं म्हणे.

एक राहिलं. जाताना युगांडा बाळाचं कार्ड मागेल का? ह्यांच्या मित्राची बायको म्हणते लहान मुलांना लागत नाही, तशीच ये.

---

सिस्टर मावशी · १६ डिसेंबर

रविवार लिहिलेलं पाकीट उद्याच फिजिशियनला दाखव. नाव इथे लिहू नको, त्यांनाच दाखव.

मित्राच्या बायकोचं अर्धं बरोबर. युगांडा एक वर्षाच्या पुढच्यांकडे कार्ड मागतं, तुझं बाळ त्या आतलं आहे. पण आपल्याकडे परत येताना सवलत फक्त अगदी तान्ह्या बाळांना आहे, तुझं बाळ तोवर त्यात बसणार नाही. उद्या तुमच्याकडे काही कमी-जास्त झालं आणि तुला आठ दिवसांत परत यावं लागलं, तर? आणि मी कार्डासाठी सांगतच नाहीये. तिथे राहायचं आहे तुम्हाला, दोन दिवसांची सहल नाही.

हिवतापाचंही विचार डॉक्टरांना. युगांडात तो बाराही महिने असतो. प्रवासी माणसाला त्याची लस मिळत नाही, गोळ्या असतात, बाळाच्या त्याच्या वजनावर ठरतात. मोठी माणसं घेतात ती डॉक्सीसायक्लिन आठ वर्षांच्या आतल्या मुलांना देत नाहीत, तेव्हा कुणाच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नको. हिवतापाचा डास रात्री चावतो आणि पिवळ्या तापाचा दिवसा, म्हणून पाळण्याला मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. यांना सांग, क्वार्टरच्या खिडक्यांना जाळ्या मारून घ्यायला अजून दोन महिने आहेत त्यांच्याकडे.

---

लक्ष्मीपुरी मेडिकल · १६ डिसेंबर

ताई, मी औषधाच्या धंद्यात आहे. पैशांचं मी सांगतो.

पिवळ्या तापाची लस आमच्या दुकानात मिळत नाही. कुणी 'आणून देतो' म्हणालं तर घेऊ नका. नेमलेल्या केंद्राचा शिक्का नसेल तर सुई खरी असली तरी कार्ड धरत नाहीत.

बाकीच्या लसींत खर्च जास्त असतो, तिथे लोक फसतात. बाळाची एमआर, पोलिओ वगैरे सरकारी लसीकरणात फुकट आहे, महापालिकेच्या दवाखान्यात घ्या. टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून देता येते, एकच डोस. ती जिवंत नाही, त्यामुळे सिस्टरांनी सांगितलेल्या २८ दिवसांशी तिचा संबंध नाही, कधीही घेता येते. कावीळ अ ची लस बाळाला वर्षानंतर. तुम्हाला स्वतःला ती घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना अँटिबॉडीची तपासणी विचारा. आपल्याकडे लहानपणी बऱ्याच जणांना ती कावीळ नकळत होऊन गेलेली असते, मग लसीचे पैसे वाचतात. कावीळ ब चे बाळाचे डोस जन्मापासूनच्या लसींत झालेले असतील, कार्डावर बघा. तुमचे झालेत का ते बघा, कारण ते तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, पहिले दोन निघण्याआधी बसतात.

दर विचारताना दोन प्रश्न वेगळे विचारा, लसीची एमआरपी किती आणि टोचायचे किती. एमआरपी खोक्यावर छापलेली असते, कंपनीप्रमाणे फरक पडतो. टोचायचे पैसे प्रत्येकाचे वेगळे. बिल तुमच्या नावाचं घ्या, बॅच नंबरसकट, आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकर बाळाच्या कार्डावर चिकटवून घ्या. साधा मेडिक्लेम प्रवासाच्या लसींचे पैसे सहसा देत नाही. पण यांच्या कंपनीला एकदा लेखी विचारा. बायको-मुलांना बोलावताना काही कंपन्या लसीचा खर्च देतात, फक्त बिल मागतात. तोंडी 'नाही' वर थांबू नका.

आणि दुकानातून लस घेऊन डॉक्टरांकडे न्यायची असेल तर आमच्याकडून बर्फाच्या डब्यातच न्या. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. परवा एक गृहस्थ टायफॉइडची लस शर्टाच्या खिशात घालून निघाले होते, कडक उन्हात, रंकाळ्यापर्यंत चालत जाणार म्हणाले. मी परत बोलावून डबा दिला. आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठली तर ती लस गेली.

---

उद्यमनगर ७ · १७ डिसेंबर

सिस्टर, तुमचं दोन दिवस डोक्यात आहे. घरी आई आहे आणि दोन वर्षांची पोरगी आहे. मी १९ जानेवारीला निघणार. आता खरी घेतली तर चालेल ना? आधीच्या कार्डाचं काय करू?

---

सिस्टर मावशी · १७ डिसेंबर

चालेल की, महिना आहे तुमच्या हातात. ९ जानेवारीच्या आत टोचून घ्या म्हणजे दहा दिवस पुरे होतात, पण तेवढं ताणू नका, याच महिन्यातली तारीख मिळते का बघा. काही आजार, चालू गोळ्या, अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. दोन-चार दिवसांनी थोडा ताप, अंगदुखी आली तर घाबरू नका. ताप उतरला नाही, डोळे पिवळे दिसले, की थेट डॉक्टर. ते खोटं कार्ड फाडून टाका. पासपोर्टमध्ये दोन कार्डं ठेवू नका.

तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

---

राजारामपुरीची सून · १३ फेब्रुवारी

मावशी आणि सगळे, काय काय झालं ते लिहिते, माझ्यासारखी अजून कुणी शोधत आली तर.

सासूबाई येत नाहीत. रविवारचं पाकीट मेथोट्रेक्सेटचंच निघालं. फिजिशियन म्हणाले, ही लस यांना देणार नाही आणि लसीशिवाय तिथे जाऊन राहू नका. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. आता त्या कसबा बावड्याला नणंदेकडे राहतील. त्यांचं तिकीट रद्द केलं, आमची दोघांची पुढे ढकलली, सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. ६ जानेवारीचं तिकीट घाईने काढलं नसतं तर हे पैसे वाचले असते.

बाळाला अंड्याचं काय करायचं ते डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात बसवून बघितलं. काही झालं नाही. घरात सासूबाईंना मी आधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, औषध म्हणून घेतलेलं चालतं, माळ माझी आहे, बाळाची नाही.

१३ जानेवारीला महापालिकेच्या दवाखान्यात एमआर. टायफॉइड आम्ही दोघांनी घेतली. माझी कावीळ अ ची तपासणी केली, लस लागली नाही. पुण्याची तारीख ११ फेब्रुवारीची मिळाली. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघालो, खंबाटकीत बाळाने दोनदा उलटी केली, बहिणीकडे पोचायला रात्र झाली. सकाळी नऊला रांगेत. आमच्या पुढे इस्लामपूरचे एक बॉयलर अटेंडंट होते, तेही युगांडालाच, दुसऱ्या कारखान्यात. त्यांनी बाळाला घेतलं तेवढ्यात मी फॉर्म भरला. पैसे माणशी ३००, दोघांचे ६००. टोचताना बाळ आधी हसलं. सुई बाहेर आल्यावर मग रडलं. अर्धा तास बाकावर बसलो.

कार्ड उठायच्या आधी वाचलं. बाळाचं नाव बरोबर होतं. माझ्या कार्डावर जन्मतारखेचा महिना चुकला होता, तिथल्या तिथे दुरुस्त करून वर शिक्का घेतला. २१ फेब्रुवारीपासून कार्ड लागू. तिकीट २५ चं.

ह्यांनी खिडक्यांना जाळ्या मारल्याचा फोटो पाठवलाय. पाळण्याची मच्छरदाणी इथूनच नेते, महाद्वार रोडवरून काल आणली, निळी.